डाव्या गार्डची जागा

निनादला संघाने फसवलं नाही. मी फसवलं. चार वर्षं हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं — बायकोलाही नाही.

दर फेब्रुवारीत फ्री एजन्सी, म्हणजे करार संपलेल्या खेळाडूंचा बाजार, आटोपली की मराठी मंडळाच्या या अंकात मी आपल्या कॅनडियन फुटबॉल संघाचा हिशोब मांडतो : कोण गेलं, कोण आलं, संघ सुधारला की बिघडला. यंदाही संपादकबाईंनी तेवढंच मागितलं होतं. तेच लिहायला बसलो होतो, आणि सुरुवात तिथूनच करतो. तुम्ही वाचत राहा.

चेंडू फेकणारा क्वार्टरबॅक राहिला, हे चांगलं झालं. त्याचं वय वाढलंय, पण नजर अजून शाबूत आहे. तो चेंडू झेलणारा सगळ्यात वेगवान रिसीव्हर पश्चिमेकडे गेला. लोक हळहळले, मी नाही. गेल्या मोसमात तो ऑक्टोबरनंतर दिसलाच नव्हता. बचावात एक तगडा माणूस आणलाय, प्रतिस्पर्ध्याच्या क्वार्टरबॅकला झोपवणारा. त्याच्यासाठी मागचे दोघे सोडावे लागले. सौदा बरा आहे. किकर तोच.

आता आक्रमणाची फळी. क्वार्टरबॅकला वाचवायला पुढे पाच जाडजूड माणसं उभी असतात, चेंडू घेऊन ती कधी पळत नाहीत आणि टीव्हीवर त्यांचं नाव फक्त चूक झाली की ऐकू येतं. पण आपल्या लीगमध्ये ठराविक संख्येने खेळाडू कॅनडाचेच उतरवावे लागतात, आणि शहाणा संघ हे कॅनडियन याच फळीत बसवतो. म्हणून या पाचांतला, मधल्याच्या शेजारी उभा राहणारा, इथे वाढलेला चांगला गार्ड मिळाला तर त्याला कुणी सोडत नाही. आपल्याकडे डाव्या गार्डची जागा चार वर्षं रिकामी आहे. रिकामी म्हणजे — माणूस उभा असतो, पण दरवर्षी वेगळा. यंदा कॉलेजातून नुकताच निघालेला एक जण आहे. क्वार्टरबॅक डावीकडून पडत राहणार.

ही जागा निनादची होती. आणि तुम्ही सगळे दरवर्षी मला विचारता, की आपल्या केंब्रिजचा, आपल्या मंडळात लेझीम खेळलेला हा मुलगा संघाने का घालवला? दरवर्षी मी याच पानावर उत्तर देतो : तेव्हाच्या जनरल मॅनेजरला माणसाची किंमत नव्हती. त्याने साधं विचारलंही नाही.

विचारलं होतं.

थांबा — हे नीट क्रमाने सांगायला हवं, नाहीतर मी पुन्हा माझ्या सोयीचं सांगेन.

मी खेळाडूंचा एजंट कसा झालो ते बहुतेकांना माहीत आहे. इथे आलो तेव्हा वापरलेल्या गाड्या विकायचो. भाव करण्यात मला कुणी हरवलं नाही. एका गिऱ्हाइकाच्या मुलाचा करार वाचून दिला, त्याला दुप्पट मिळवून दिलं, मग परवाना घेतला. कुणी बोट धरून शिकवलं नाही. भाव करायला मात्र लहानपणीच शिकलो होतो, सांगलीला, हळदीच्या सौद्यात. वडील एका अडत्याकडे कामाला होते. तिथे तेव्हा भाव तोंडाने बोलत नसत. दोघांनी टॉवेलाखाली हात धरायचे आणि बोटं दाबून आकडा सांगायचा. भोवती पन्नास माणसं उभी, पण आकडा त्या दोघांनाच ठाऊक. हात आत आहे तोवर बोलणी चालू. आकडा पसंत नसेल तर बोटं हलवायची नाहीत, स्वस्थ राहायचं. समोरचा आपणच वाढवतो. आणि हात बाहेर काढला की सौदा मोडला. वडील म्हणायचे, जो आधी बोलला तो बुडाला.

मी फोनवरही तेच करत आलो. आकडा ऐकायचा आणि गप्प बसायचं. कॅनडियन माणसाला शांतता सोसत नाही. तो वाढवतो.

निनादचा करार संपत आला तेव्हा तो सत्तावीस वर्षांचा होता, उमेदीत. तीन संघांनी चौकशी केली होती. त्याने मला एकच गोष्ट सांगितली. त्याचे बाबा, आपले सुभाषराव, गाड्यांच्या कारखान्यातून निवृत्त होऊन वर्ष झालं होतं आणि आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जात होते. ने-आण निनाद करायचा. सराव सांभाळून, तासाभराच्या अंतरावरून येऊन. तो म्हणाला, "काका, मला जास्त नको. जस्ट कीप मी होम."

यापेक्षा स्पष्ट सूचना मला कुठल्याही खेळाडूने कधी दिलेली नाही.

बाजार मंगळवारी दुपारी उघडणार होता. सोमवारी सकाळी जनरल मॅनेजरचा फोन आला. दोन वर्षांचा करार, आकडा थोडा कमी, पण वाईट नाही. निनादने तिथल्या तिथे हो म्हटलं असतं. मी काय केलं? गप्प बसलो. सवय. माझ्या लेखी हात अजून टॉवेलाखाली होता. पलीकडेही शांतता. मग तो जरासा हसून म्हणाला, "माय फ्रेंड, धिस इज नॉट अ बझार. यस ऑर नो?"

मी फोन ठेवून दिला.

आता तुम्ही म्हणाल, एवढ्यावरून? हो, एवढ्यावरून. बत्तीस वर्षं या देशात काढली. गाड्यांच्या दुकानात, बँकेत, परवान्याच्या मुलाखतीत — हा शब्द मी वेगवेगळ्या तोंडांतून ऐकला होता, आणि दरवेळी हसून घेतला होता. त्या दिवशी नाही घेतला. राग अजून आहे. तो माणूस समोर आला तर आजही मी त्याला सोडणार नाही. पण त्या रागाशी निनादचा काय संबंध होता?

अर्ध्या तासाने जनरल मॅनेजरची ईमेल आली. तोच करार, लेखी, मंगळवारी बारापर्यंत मुदत. खाली एक ओळ — आपलं बोलणं मध्येच तुटलं असावं, निनाद आम्हाला हवा आहे. बघा, त्याने मला सावरून घ्यायला जागा ठेवली होती. मला ती दिसली नाही असं नाही. मला वाटलं, याला उद्यापर्यंत उकळू दे. साडेअकराला फोन करून वाढवून मागू, आणि त्या शब्दाबद्दल माफीही मागायला लावू.

आमच्या धंद्यात एक नियम आहे. संघाकडून आलेला प्रत्येक प्रस्ताव खेळाडूला दाखवायचा. चांगला असो, वाईट असो, तुमचा कितीही अपमान झालेला असो. प्रस्ताव खेळाडूचा असतो. एजंटचा नसतो.

मंगळवारी सकाळी दहाच्या सुमारास निनादचा फोन आला. तो बाबांना सोडून दवाखान्याच्या पार्किंगमध्ये बसला होता. म्हणाला, "काका, एनीथिंग फ्रॉम देम?"

मी म्हणालो, "नाही."

हेच ते. सोमवारी मी गप्प बसलो ती चूक होती, फोन आपटला तो संताप होता, आणि दोन्हींची भरपाई एका ईमेलमध्ये पडलेली होती. मंगळवारचं हे "नाही" शांतपणे, विचार करून म्हटलेलं. निनादला सांगितलं असतं तर तो लगेच सही करतो म्हणाला असता, आणि त्या माणसासमोर माझी मान खाली गेली असती. म्हणून. एवढंच कारण.

साडेअकराला मी जनरल मॅनेजरला फोन केला. उचलला नाही. पावणेबाराला केला, नाही उचलला. बारा वाजले. तीनपर्यंत त्यांनी दुसरा गार्ड जाहीर केला.

संध्याकाळी निनादने दूर पश्चिमेला, प्रेअरीतल्या एका संघाशी करार केला. आकडा मोठा मिळाला. तुमच्यापैकी कितीतरी जणांनी मला शाबासकी दिली, चौगुल्यांनी पोराचं सोनं केलं म्हणून. मी ती घेतली. आणि पुढच्याच अंकात त्या जनरल मॅनेजरवर दोन पानं लिहिली. त्याला खरमरीत ईमेल करा असं सुचवलं. तुम्ही केल्या.

सुभाषरावांची ने-आण मग मी करू लागलो. तुम्हाला ते दिसलं, त्याचं कौतुकही झालं. मंगळवार, गुरुवार, शनिवार. विंटर टायर लावून, मागच्या सीटवर ब्लँकेट ठेवून. ते माझी थट्टा करायचे. म्हणायचे, "चौगुले, एजंटचा ड्रायव्हर झालास. आता टीप मागू नकोस." मी हसायचो. अपराधीपणातून करत होतो का? असेन. पण त्यांच्यासोबत मला बरंही वाटायचं, आणि हे जास्त वाईट आहे.

एकदा हायवेवर, बर्फाचा चिखल उडत असताना, ते आपणहून बोलायला लागले. निनाद लहानपणी इतका जाडा होता की शाळेत कुणी त्याला कुठल्याच संघात घ्यायचं नाही, मग फुटबॉलच्या मास्तरांनी त्याचं वजन बघूनच उचलला, असं सांगत होते. मग म्हणाले, "नको म्हणाले असते तरी चाललं असतं रे. पण विचारलंच नाही. पोरगं पाच वर्षं त्यांच्यासाठी आडवं पडलं, आणि विचारलंच नाही."

गाडीत आम्ही दोघंच होतो. दवाखाना यायला दहा मिनिटं होती. दहा मिनिटांत सगळं सांगून झालं असतं.

मी म्हणालो, "त्या माणसाला किंमतच नाही."

सुभाषराव पुढच्या सप्टेंबरमध्ये गेले. निनादचा सामना व्हँकुव्हरला होता. मी त्याला विमानतळावरून आणलं. तो उशिरा पोचला — म्हणजे सगळं संपल्यावर. तेराव्याला तुम्ही बरेच जण होतात, तेव्हा तुम्हीही ऐकलंय. निनादची आई, मंगलवहिनी, सगळ्यांसमोर म्हणाल्या, "भावजी, निनादच्या जागी तुम्ही उभे राहिलात."

मी हात जोडले. मान खाली घातली. लोकांना ती नम्रता वाटली.

आता यंदाचं. निनादचा पश्चिमेतला करार या फेब्रुवारीत संपला. आपल्या संघाचा जुना जनरल मॅनेजर दोन वर्षांपूर्वीच गेला. नव्या बाईंनी मला पहिल्याच दिवशी फोन केला : डावा गार्ड हवाय, निनाद हवाय, वय एकतीस असलं तरी हवाय. फळीचं गणित बघता हा यंदाच्या बाजारातला सगळ्यात शहाणा विचार होता. या वेळी मी प्रस्ताव तासाभरात पुढे पाठवला. वहिनी त्या घरात एकट्या असतात, हे मला माहीत आहे. गेल्या जानेवारीत ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करताना त्या पडल्या होत्या, हेही.

निनादने ईमेल उघडली आणि नाही म्हणाला. "नॉट दॅट टीम, काका. दे नेव्हर इव्हन आस्क्ड." आईला तिकडे घेऊन जाईन म्हणाला. वहिनी जायला तयार नाहीत.

म्हणून डाव्या गार्डला कॉलेजातून निघालेला पोरगा आहे. फळीतली ही कमतरता तुम्ही उद्या संघावर ढकलाल, म्हणून सांगतो. नव्या बाईंनी यंदा काही चुकवलं नाही. जुन्यानेही या बाबतीत चुकवलं नव्हतं.

हे छापायला द्यायच्या आधी मी निनादला फोन केला. जुनी ईमेल त्याला पाठवली आणि ती त्याच्यासमोर उघडी असताना सगळं सांगितलं. त्याने ईमेलवरची तारीख मोठ्याने वाचली. मग विचारलं, "बाबांना माहीत होतं?"

मी म्हणालो, नाही.

"म्हणजे बाबा हेच समजून गेले. की त्यांना मी नकोच होतो."

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार? त्याने फोन ठेवला, आणि दोन दिवसांनी लेखी कळवलं की मी आता त्याचा एजंट नाही. आपल्या संघाशी तो बोलणार की नाही, हे मला माहीत नाही. विचारायचा हक्क मला राहिलेला नाही.

चार वर्षं मी तुम्हाला एका माणसाकडे जाब मागायला लावलं. त्या माणसाने लेखी प्रस्ताव दिला होता. पाडव्याच्या कार्यक्रमाला हॉलमध्ये तुम्ही सगळे असाल. मंगलवहिनीही येणार आहेत. निनादने त्यांना सांगितलंय. मी येईन आणि पुढच्या रांगेत बसेन. सुभाषरावांना दहा मिनिटांत जे सांगता आलं असतं ते का सांगितलं नाही, हे मला सगळ्यांसमोर विचारा. जाब मी द्यायचा आहे.