काकूच्या उजव्या हाताची जागा

मी भीतीच्या गोष्टी लिहिते, आणि त्याही देवाधर्माच्या. रिकामा बंगला, पांढऱ्या साडीतली बाई, असलं मला जमत नाही. माझ्या गोष्टीत देऊळ असतं, आरती असते आणि गाव लहान असतं. नाशकात द्वारकेला, हायवेच्या चौकाजवळ, मी खोली घेऊन राहते. तिथं वर्षभर देवळात गेले नाही तरी कोणी विचारणार नाही. लहान गावात एक मंगळवार चुकला तर शेजारीण दारात उभी राहते, "का गं, अडचण हाय का?" मला खरी भीती त्या विचारण्यात दिसते.

आमच्या घरात कॉलेजची पदवी घेणारी मी पहिली. हे मी सांगत असते. कष्टानं मिळवलंय, लपवायचं कशाला? घरचे शहराबाहेर झेंडू आणि शेवंती पिकवतात, मी ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात काम करते आणि जेवणाच्या सुट्टीत लिहिते.

माझ्या काकूच्या अंगात देवी येते. आमच्याकडे त्याला वारं येणं म्हणतात. दर मंगळवारी दुपारी गावातल्या बायका तिच्या ओट्यावर जमतात. कोणाची सून नांदत नसते, कोणाच्या पोराला नोकरी नसते. काकू पाटावर बसते, डोळ्यांवरचा चष्मा काढते आणि उजव्या हाताला बसलेल्या बाईच्या हातात देते. चष्मा हातातून गेला की थोड्या वेळात ती घुमायला लागते. पूर्वी एकदा घुमताना चष्मा फुटला होता, तेव्हापासूनची ही रीत. त्यात देवाचं काही नाही, काचेचं आहे.

मी ते उचललं. गोष्टीतलं गाव वणीच्या बाजूला नेलं, काकूची म्हातारी केली, तिला चार नातवंडं दिली, पण चष्मा तसाच ठेवला. गोष्टीत ज्या बाईच्या हातात चष्मा जातो ती येणाऱ्या अमावास्येच्या आत मरते. एका दिवाळी अंकानं ती छापली. मला वाटलं, आपल्या गावात दिवाळी अंक वाचतंय कोण!

वहिनीनं वाचला. वाचला म्हणजे, पानांचे फोटो काढून गावातल्या बायकांच्या ग्रुपवर टाकले. खाली लिहिलं, आमच्या नणंदबाईंचं छापून आलं.

पंधरा दिवसांनी काकूचा फोन आला. "काय लिहिलंस गं बाई तू? माझ्या उजव्या हाताला कोनी बसंना."

"मग चष्मा खाली ठेव ना, काकू."

"ठिवला. दोन मंगळवार ठिवला. वारंच येत नाय."

मी हसले नाही, कारण त्यात काय आहे ते मला माहीत होतं. काकूला मूलबाळ नाही. मी लहान असताना बायका हळदीकुंकवाला तिला सगळ्यात शेवटी बोलवायच्या, आणि ओटी भरताना तिला बाजूला बसवायच्या. वारं यायला लागलं तसं ते बंद झालं. आता विहीर खोल करायची तरी काका आधी तिला विचारतात. मंगळवार गेला असता तर ती पुन्हा शेवटच्या पाटावर गेली असती. आणि ते मी केलं असतं.

पुढच्या मंगळवारी अर्धी रजा टाकून गेले. ओट्यावर मोजक्याच बायका होत्या, सगळ्या काकूच्या डाव्या बाजूला दाटून बसलेल्या. उजवीकडे सतरंजी मोकळी. मी उभी राहून सरळ सांगितलं, "ती गोष्ट खोटी आहे. मी मनानं रचली. डबा खाता खाता लिहिली. कोणी मेलेलं नाही, कोणी मरणार नाही."

शेजारच्या मळ्यातली एक म्हातारी म्हणाली, "तू लिहिली नाय पोरी, तुझ्याकडून लिहून घेतली."

"कोणी?"

"आता ते बी मीच सांगू? कालेजात तू गेली का मी?"

बायका हसल्या, पण उठून कोणी उजवीकडे आलं नाही. दुसरी म्हणाली, "छापलंय ना? उगंच कोन छापतं का खोटं?"

मी म्हटलं, "गोष्टी खोट्याच असतात, मावशी. पुस्तकंच्या पुस्तकं असतात."

"मग तू शिकून काय केलंस, खोटं लिहायलाच शिकली व्हय?"

ज्या शिक्षणाचा मला एवढा गर्व, त्याच्यामुळेच त्यांचा त्या पानांवर विश्वास बसला होता. गावातल्या दुसऱ्या कोणी हीच थाप ओट्यावर मारली असती तर तिला चहा पाजून घरी पाठवलं असतं.

मी जाऊन काकूच्या उजव्या हाताला बसले. "दे चष्मा."

काकू म्हणाली, "तू नको."

"का?"

"नको म्हनते ना. तुझा इस्वास नाय. ऊठ."

म्हातारी म्हणाली, "बसू दे तिला. तिनं लिहिलं, तिनंच निस्तरावं."

काकूनं चष्मा काढून माझ्या हातावर ठेवला, पण लगेच सोडला नाही. मला वाटलं वारं आलं. ते नंतर आलं, आणि चांगलं जोरात आलं. सुनेचं झालं, नोकरीचं झालं, बायका पाया पडून गेल्या. जाताना एकीनं माझ्या पाठीवरून हात फिरवला, "जप गं बाई."

बसमध्ये बसल्यावर मी मोबाईलवर कॅलेंडर काढून पाहिलं. अमावास्या शुक्रवारी होती. गोष्ट मीच रचली होती, तरी पाहिलं. खोटं कशाला सांगू?

बुधवारी तीन फोन आले. "बरी हायेस ना?" गुरुवारी वहिनीचा आला, "रस्ता जपून ओलांडा हं, द्वारकेला लय गाड्या." गाव माझी वाट पाहत होतं, मी जगते का ते बघायला.

शुक्रवारी सकाळी दार उघडलं तर काकू. हातात भाकरीचा डबा आणि शेवंतीची पिशवी. पहिल्या बसनं आली होती. म्हणाली, डोळे तपासायचेत. पण दवाखान्याचं नाव काढेना. माझ्याबरोबर ऑफिसला आली, मला गाडी काढू दिली नाही, रस्ता ओलांडताना माझं मनगट धरलं. दिवसभर आमच्या ऑफिसच्या बाकावर बसून राहिली. ड्रायव्हर लोक विचारायचे, "मावशी, माल कुठला?" ती माझ्याकडे बोट दाखवायची.

दुपारी डबा खाताना मी विचारलं, "काकू, तूसुद्धा? तुला माहीत आहे ना चष्मा का काढतेस ते?"

"माहीत हाय."

"मग?"

"माहीत हाय म्हनून काय झालं? तू छापलंस ना." भाकरी मोडून तिनं माझ्या पुढ्यात ठेवली. "म्हनून तर तुला ऊठ म्हनत होते. मंगळवार गेला असता तर गेला असता."

त्या दिवशी सगळं काम चुकत गेलं, साहेबांनी दोनदा हाक मारली.

संध्याकाळी ती गेली नाही, माझ्याकडेच राहिली. शनिवारी सकाळी उठून पाहिलं तर ती चहा करत होती. मला नीट खालपासून वरपर्यंत बघून घेतलं आणि पिशवी उचलली. बसस्टॉपवर म्हणाली, "लिहायचं तर लिही. पन मारायचंच असलं तर आपल्या गावातलं कोनी मारू नको."

पुढच्या मंगळवारी मला रजा मिळाली नाही. दुपारी वहिनीचा फोन आला. काकूच्या उजव्या हाताला मीच बसणार म्हणून दोघी जणी भांडल्या होत्या.