उपळसरीची कॉफी

इसम नामे त्र्यंबक विश्वनाथ खांबेटे. वय एकतीस. राहणार कोपरी, ठाणे स्टेशनच्या पूर्वेस, भाड्याच्या खोलीत. धंदा कचेरीत नकलनवीस. उंची पाच फूट चार इंच, वर्ण निमगोरा, बांधा लक्षात न राहणारा. ओळखीची खूण : उजव्या तर्जनीवर शाईचा डाग, धुऊन न निघणारा. गाठ : नाही. ताप : नाही. भीती असा रकाना नमुन्यात नसल्यामुळे ती नोंदलेली नाही. असता तर पुरवणी जोडावी लागली असती.

हा नमुना सन अठराशे सत्त्याण्णवच्या माघात कल्याण स्टेशनावर भरला गेला. मुंबईत प्लेग होता आणि मुंबईकडून येणारी प्रत्येक गाडी कल्याणला थांबवून माणसे खाली उतरवत. फलाटावर रांग लावत. डॉक्टर मनगट धरी, जीभ बघे, काखेत बोटे घाली. ज्याचा संशय येईल त्याला रुळांपलीकडच्या पत्र्याच्या छपरांत दहा दिवस ठेवत. तिथे धडधाकट माणूस आजाऱ्याशेजारी निजतो आणि दहाव्या दिवशी दोघांपैकी कोण बाहेर येईल ते सांगता येत नाही, असे कोपरीत सगळे सांगत. सांगणाऱ्यांपैकी तिथे कुणी गेलेले नव्हते, त्यामुळे त्यांना सगळे तपशील ठाऊक होते.

त्र्यंबकरावांची बायको उत्तरा पहिल्या बाळंतपणासाठी शहाडला माहेरी होती आणि शहाड कल्याणच्या पलीकडे. तिला भेटायला म्हणून निघाले, तेव्हा रांगेत त्यांच्यापुढे घोंगडीवाला एक म्हातारा होता. डॉक्टरने त्याच्या काखेत बोटे घातली आणि शिपायाकडे पाहिले. म्हाताऱ्याने मागे वळून त्र्यंबकरावांच्या हातात आपले गाठोडे दिले, "जरा धरा हो," म्हणाला, आणि गेला. शिपायाने गाठोडे काठीने उचलून जाळायला नेले. मग त्र्यंबकरावांचे मनगट पुढे झाले.

"एकशे बारा," डॉक्टर म्हणाला. "ताप नाही, पण नाडी पळतेय. काय घेता? दारू?"

"छे हो. कॉफी. दोन वेळा."

"सोडा ती. पुन्हा अशी नाडी सापडली, तर मी विचारत बसणार नाही."

तीन तास बाजूला बसवून त्यांना सोडले. त्र्यंबकराव शहाडला जाऊन आले, पण काय बोलले, काय जेवले, काही आठवेना. काठीच्या टोकावरचे गाठोडे तेवढे आठवे. खाडीने कल्याणला होडीही जात असे, पण बंदरावरही तोच डॉक्टरी कोट होता. तेव्हा त्यांनी कारकुनी पद्धतीने विचार केला : नाडी पळते, कारण कॉफी, कॉफी गेली की नाडी थांबेल. 'थांबेल' हा शब्द त्यांना लगेच खटकला. त्यांनी मनातल्या मनात तो खोडून 'शांत होईल' असा केला.

कॉफी सोडली, आणि तिसऱ्या दिवशी डोके असे दुखू लागले की हाच प्लेग, अशी त्यांची खात्री झाली. त्यांनी दार लावून स्वतःच्या काखा चाचपल्या. दोन्ही बाजूंना काहीतरी लागले. ते प्रत्येकाच्या काखेत असतेच, हे त्यांना पूर्वी माहीत नव्हते.

कोपरी गावठाणातली हौसाबाई त्यांचे वापरायचे पाणी भरी आणि येऊरच्या डोंगरातून औषधी मुळ्या आणून विकी. तिने दाराला कान लावला.

"भाऊ, जिते हाय ना?"

"आहे गं. डोकं धरलंय. कॉफी सोडली."

"मंग उपळसरीची मुळं भाजून प्या की. माझा सासरा प्यायचा. तशीच काळी व्हती, तशीच कडू. आन रगत थंड ठेवतं."

"नाडी?"

"रगत थंड झाल्यावर नाडी कुनाच्या जिवावर पलेल?"

हा युक्तिवाद कचेरीतल्या पुष्कळ निकालांपेक्षा त्र्यंबकरावांना मजबूत वाटला.

दुसऱ्या दिवशी हौसाबाई जुडी घेऊन आली : सुतळीएवढी जाड, तपकिरी, मातीने माखलेली मुळे, मोडली की गोड वास येणारी. जुडी उंबऱ्याबाहेर ठेवून ती म्हणाली, "मी हात लावलाय. धुवून घ्या, न्हाईतर बाटाल. पलेगाने मेलात तर मंग बाटायची भीती न्हाय."

त्र्यंबकरावांनी मुळे तीन पाण्यांनी धुतली, सुपात दोन दिवस वाळवली आणि अडकित्त्याने सुपारीसारखी कातरली. पहिली खेप मोठ्या जाळावर भाजली, कोळसा झाला. दुसरी भीतभीत भाजली, काढा झाला. तिसऱ्या खेपेला रविवारची अख्खी सकाळ ते मंद शेगडीपाशी बसले आणि लोखंडी तव्यावर मुळे हलवत राहिले. आधी मातीचा वास आला, मग गुळाचा, आणि तुकडे भाजल्या काजूच्या सालीसारखे झाले तेव्हा एकदम, डोळे मिटले तर चूक होईल असा, कॉफीचा. खलबत्त्यात कुटून, फडक्यातून चाळून, गूळदूध घालून त्यांनी उकळी आणली आणि वर सवयीने जायफळ किसले. पहिला घोट घेऊन त्यांनी पेल्यात डोकावून पाहिले. कॉफी नव्हती ती. पण कॉफीची दूरची, गरिबीत दिलेली बहीण म्हणता आली असती.

रोज दोन पेले घेऊन ते कचेरीच्या घड्याळापुढे नाडी मोजत. बहात्तर. सत्तर. एकदा अडुसष्ट. मात्र कल्याणचा विचार मनात आला की बोटाखाली काहीतरी उडी मारी, आणि ते घाईने दुसरा विचार करत. रक्तातली जुनी कॉफी निघायला चाळीस दिवस लागत असावेत, असे त्यांनी ठरवले. चाळीसच का, हे त्यांनी स्वतःला विचारले नाही.

फाल्गुनात मुलगी झाली. त्र्यंबकराव जाईनात, म्हणून बारसे दोनदा पुढे ढकलले गेले. मग सासरे हरिहरपंतांचे कार्ड आले : 'मुलीस नाव नसल्याने घरात सर्व तिला "ही" म्हणतात. उत्तरा कोणाशी बोलत नाही. येत्या रविवारी बारसे आहे. आपण आलात तर आपल्यासह.' पुढचे वाक्य पंतांनी लिहिले नव्हते. नकलनविसाला कोरी जागा वाचता येते.

रविवारी सकाळी त्र्यंबकरावांनी एक पेला घेतला. नाडी मोजली आणि आणखी एक घेतला.

"किती प्याल?" हौसाबाई घागर उतरवत म्हणाली. "रगताचा बरफ व्हईल."

"मी आलो नाही तर..." ते म्हणाले.

"तर तुमचा लोखंडी तवा मी नेते," हौसाबाई म्हणाली. "जा आता. पोरीला बघून या."

गाडीत नाडी मुंब्र्यापर्यंत ऐंशी. दिव्याला शंभर. त्यापुढे त्यांनी मोजणे सोडले, कारण बोट कशावर ठेवले आहे तेच कळेना. कल्याणच्या फलाटावर तीच रांग होती आणि रुळांपलीकडे तीच पत्र्याची छपरे. फक्त आता ती जास्त होती. पुढची माणसे एकेक करून संपत गेली. डॉक्टर नवा होता, दमलेला, सोलापूरकडचा.

"हात."

त्र्यंबकरावांनी हात दिला आणि डोळे मिटले.

"एकशे अठरा," डॉक्टर म्हणाला, आणि शिपाई एक पाऊल पुढे आला. "आधीही जलद होती, असं इथे लिहिलंय. जीभ."

त्र्यंबकरावांनी जीभ काढली. ती तपकिरी होती. डॉक्टर वाकला, थबकला, आणि त्याने हुंगले.

"जायफळ घालून," तो म्हणाला. त्याच्या आवाजात प्रथमच माणूस आला. "किती घेतलीत?"

त्र्यंबकरावांनी सांगण्यासाठी तोंड उघडले. ही कॉफी नव्हे, साहेब, उपळसरीची मुळे. कॉफी सोडून मला कितीतरी दिवस झाले. अकरा वर्षांत त्यांनी एका अक्षराची खोटी नक्कल केली नव्हती, आणि हे वाक्य जिभेवर अगदी स्वच्छ अक्षरात तयार होते. शिपायाच्या हातात काठी होती. काठीचे टोक काळे पडले होते.

"दोन पेले," ते म्हणाले.

"उपाशीपोटी दोन पेले, आणि वर नाडी शांत पाहिजे." डॉक्टरने काखा चाचपल्या, थर्मामीटर पाहिला आणि लेखणी उचलली. "व्यसन आहे हे. कमी करा. चला, पुढचा."

शहाडपर्यंतची वाट ते चालले की धावले, हे त्यांना कधीच सांगता आले नाही. मुलीचे नाव मंदाकिनी ठेवले. उत्तराने तिला त्यांच्या मांडीवर ठेवले, तेव्हाही त्यांची नाडी पळतच होती. संध्याकाळी परतताना ठाण्याच्या गाडीतही पळत होती.

इसम नामे त्र्यंबक विश्वनाथ खांबेटे यांच्या नमुन्यावरील शेरा असा : 'नाडी सवयीने जलद. कारण, कॉफीचे अतिसेवन. रोगाचे चिन्ह नाही. जाऊ द्यावे.'

त्या दिवशी त्यांना कॉफी सोडून एकेचाळीस दिवस झाले होते.