तोंड अख्खं दिसावं म्हणून

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही. देवळात हात जोडून उभी असते तेव्हा देवालाही नाही — त्याला ठाऊक असणारच, म्हणून दोघांनीही तो विषय टाळलाय. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि ओळखत असाल तर — असू द्या. आता तोंड उघडलंय.

आधी माझ्या हाताविषयी सांगते, म्हणजे पुढचं कळेल. मला लहानपणापासून चकाकीचं वेड. माहेरी निरवांगीला मांडणीवरची पितळी भांडी चिंचेनं घासायचं काम माझ्याकडं. आई म्हणायची, "ही पोरगी तांब्या घासत न्हाय, त्याची कातडी काढती." सगळे हसायचे. मीही हसायचे. तेव्हाच कुणीतरी हातावर फटका मारायला हवा होता का? पण चांगल्या घासलेल्या भांड्याबद्दल पोरीला कोण मारतं?

लग्न होऊन आले ती फॅब्रिकेशनच्या शेडात. निमगाव केतकीच्या रस्त्याला आमचं शेड, मागं घर. हे पत्रा कापायचे, वाकवायचे. वेल्डिंग धाकट्या दिराचं, महादेव भावजींचं. आधी गेट, ग्रिल, ट्रॉलीच्या फळ्या असलीच कामं असायची. मग उजनीच्या पाण्यावर पक्षी बघायला शहरातली माणसं यायला लागली आणि आमच्याकडं होड्यांचं काम आलं. अ‍ॅल्युमिनियमच्या होड्या. वर बसायचा पाट, त्यावर छप्पर, आणि खाली दोन लांब बंद नळकांडी. त्यांच्यात हवा असते, त्या हवेवर सगळं तरंगतं. त्यांना पाँटून म्हणतात. आमच्या शेडात नुसतं नळे.

नळ्यांना पॉलिश करायला बारामतीहून एक माणूस यायचा. एकदा तो आलाच नाही. मी म्हटलं, मी बघते. सासूबाईंनी कपाळाला हात लावला — सून मशिनवर? पण ह्यांनी पॉलिशची चाकी हातात दिली, आणि मला जे पाहिजे होतं ते सापडलं. आधी ओल्या पॉलिश पेपरनं ओरखडे काढायचे, मग कापडाची चाकी, तिला पॉलिशचा साबण. काळं काळं काहीतरी निघतं, हात, नाक, पदर सगळं काळं होतं. शेवटी कोरडं पीठ चोळून पुसलं की त्या काळ्यातून आभाळ वर येतं. सासूबाईंना माझ्या मशिनपेक्षा त्या पिठाचं दुःख जास्त होतं. पण आलं-गेलं माणूस शेडात थांबून विचारायचं, हे कुणी केलं? आणि हे म्हणायचे, "आमच्या घरातनं केलं." घरातनं म्हणजे मी. ते ऐकायला मी चाकी बंद करायचे, खोटं कशाला बोलू.

भावजींची एकच अट होती. नळ्याचं टोक वेगळं बनवतात आणि पुढून जोडतात. त्या जोडावर वेल्डिंगची गोल शिवण येते, मण्यांची माळ घातल्यासारखी, जरा वर उठलेली. त्या शिवणीला हात लावायचा नाही. "वहिनी, चमक तुमची, शिवण माजी," म्हणायचे. "दोनी बाजूनी किती बी घासा, पर तिच्यावर चढू नका. ती उंच हाय तवर पाणी भाईर हाय." इतकं साधं. लहान पोरालाही कळेल. मलाही कळलं होतं. हे लक्षात ठेवा — मला कळलं होतं.

मग तात्यांची होडी आली. तात्या म्हणजे पाण्याकाठचे एक शेतकरी, हौशी माणूस. त्यांच्या बायकोनं, काकींनी, बजावून सांगितलं होतं, "बाकीच्या होड्या रंगाच्या हायत. आमच्या होडीत तोंड दिसलं पायजे." ह्यांनी थट्टा केली की एवढी चमकली तर पक्षी उडून जातील, मग लोक काय बघणार? काकी म्हणाल्या, आमची होडी बघतील. अशी बाई मला कधी भेटली नव्हती. मी जीव ओतला त्या कामात.

ठरलेल्या दिवशी सकाळी काकी होडीची पूजा करून ती पाण्यात सोडणार होत्या. आणि नेमके आदल्या दिवशी घरचे सगळे लासुर्ण्याला गेले, भावजींसाठी पोरगी बघायला. मोठी सून म्हणून मीही जायला हवं होतं. पण होडी न्यायला तात्या संध्याकाळी येणार, काम बाकी — मी राहिले. भावजी सकाळपासून दोनदा शर्ट बदलून झाले होते. जाताना शेवटचा जोड पुरा करून गेले, तेही इस्त्रीच्या शर्टावर जुना सदरा घालून.

दुपारपर्यंत काम झालं. मी मागं सरून बघितलं. नळा वाकडा आरसा असतो, तोंड भाकरीसारखं पसरट दिसतं, पण दिसतं. फक्त पुढच्या बाजूला, जिथं काकी नारळ फोडायला उभ्या राहणार, तिथं शिवण आडवी आली होती. एक डोळा इकडं, एक तिकडं. मधे तो मण्यांचा पट्टा, मळकट. मी जरा डावीकडं सरले, जरा उजवीकडं. कुठूनही बघा, तोंड फुटलेलंच. काकींना तोंड अख्खं दिसायला हवं, असं मी स्वतःला सांगितलं. काकींना? तिथं उभी कोण होती?

मी चाकी काढली आणि शिवणीला ग्राइंडर लावला.

थोडंच, म्हटलं. मग थोडं अजून, कारण अर्धवट घासलेलं आणखी वाईट दिसतं. मग दुसऱ्या नळ्याचंही, जोडी सारखी नको का? मणी गेले. पट्टा गेला. पेपर, चाकी, पीठ. आणि त्यात माझं तोंड अख्खं आलं. मला फार आनंद झाला, हे लपवत नाही. आयुष्यात मी त्याहून सुंदर काही केलेलं नाही.

तात्या होडी घेऊन गेले तेव्हा घरचे परतले नव्हते. ती शिवण भावजींनी त्यानंतर पाहिली ती उसवलेलीच.

फार दिवस गेले नव्हते. होडीत एक मास्तर, त्यांची बायको आणि लहान मुलगी होती. मधल्या पाण्यात होडी एका बाजूनं बसायला लागली. जोड फाटून नळ्यात पाणी शिरलं होतं. मास्तरांनी मुलीला छपराच्या खांबाला धरून उभं केलं आणि ओरडत राहिले. मासे धरणाऱ्यांनी त्यांना आपल्या होडीत ओढून घेतलं. कुणाला काही झालं नाही. मुलीचा एक बूट गेला. तो बूट मी पाहिलेला नाही, तरी मला तो दिसतो. लाल दिसतो. का लाल, माहीत नाही.

तात्यांनी नळा परत आणून शेडात टाकला. ओरडले नाहीत, तेच जास्त वाईट. हे खाली बसले, जोडावर बोट फिरवलं, आणि विचारलं, "शिवण कुणी घासली?"

भावजी म्हणाले, "मी न्हाय, दादा."

मग ह्यांनी माझ्याकडं बघितलं. त्या क्षणी माझ्या डोक्यात काय होतं ते सांगते. मास्तरांची मुलगी नव्हती. भावजी नव्हते. चाकी होती. आता ती माझ्या हातातून जाणार, आणि सासूबाई म्हणणार, मी सांगितलंच होतं. बस, एवढंच होतं.

मी म्हटलं, "माझ्या हातात आली तवा सपाटच होती."

ह्यांचं लगेच जुळलं. पोरगी बघायच्या नादात भावाचं ध्यान कुठं होतं? नको तिथं हात फिरला असणार. आणि भावजी? भांडले असते तर बरं झालं असतं. ते माझ्याकडं बघत राहिले, मग स्वतःच्या हातांकडं. आणि म्हणाले, "वहिनी म्हणत्यात म्हंजे घासली आसंल. त्या दिशी माजं ध्यान न्हवतं खरं."

कळतंय का तुम्हाला? त्यांनी माझा शब्द खरा धरला, आणि स्वतःचा हात खोटा.

लासुर्ण्याचीच पोरगी, रेखा, सून होऊन आली. होडी बुडाल्याचा बोल तिच्या पायगुणावर आला. सासूबाई दळताना, निवडताना, सहज बोलता बोलता म्हणायच्या — ही बघायला गेलो आन् तिकडं घात झाला. रेखा खाली मान घालून ऐकायची. एकदा माझ्याकडं येऊन रडली, "ताई, मी काय केलं हो?" मी तिला जवळ घेतलं. डोक्याला तेल लावून दिलं. बोलले मात्र नाही. सासूबाई गेल्या तेव्हाही वाटलं होतं, आता सांगावं. तेव्हा वाटलं, आता कशाला. दोन्ही वेळी कारण चांगलंच सापडलं.

मी बायकांच्या जातीला मशिन मिळणं किती अवघड वगैरे बोलू शकते. बोलले असते तर तुम्ही मानही हलवली असती. पण मशिन जाऊ नये म्हणून मी दुसऱ्याचा हात काढून घेतला, आणि हात घरातल्याच माणसाचा होता.

होड्यांचे जोड आता भावजी करत नाहीत. त्यासाठी दुसरा वेल्डर येतो. भावजी गेट करतात, ग्रिल करतात. काम पूर्वीइतकंच नेटकं, पण एकेक जोड तीन-तीनदा बघतात, आणि तरी भरवसा बसत नाही. चाकी माझ्याकडंच आहे. लोक अजून थांबून विचारतात, हे कुणी केलं?

आणि रोज संध्याकाळी, काम उरकलं की भावजी केलेला जोड उजेडाकडं धरून मला हाक मारतात. "वहिनी, जरा बघा बरं. ध्यान नसताना मी घासली तर न्हाय ना?"

मी हात पुसते. शिवणीवरून अंगठा फिरवते. मणी एकेक लागतात, सगळे.

"न्हाय भावजी," मी म्हणते. "जागच्या जागी हाय."

मग ते निर्धास्त होऊन चहाला जातात.