चौथा दोर

मैदानावर व्यायामाला जमणारी मंडळी त्याला 'पाल' म्हणत. उंच इमारतींना बाहेरून काचा बसवायचं त्याचं काम. दोन दोरांना बांधलेल्या फळीवर बसून तो दिवसदिवस भिंतीला चिकटलेला असे. त्या फळीला ते लोक झुला म्हणतात. म्हणजे नाव लाडाचं आणि काम जिवावरचं. खालून बघणारा डोळे मिटून घ्यायचा आणि हा काचवाला वर शीळ घालत काचेच्या फटीत पुटीन भरत बसायचा. एखादी गोष्ट जमली की माणसाला तिचा ताठा येतोच. याला उंचीचा आला होता.

तो ताठा एका सकाळी उतरला. गच्चीवर दोर सांभाळायला त्याचा मेहुणा होता, बायकोचा धाकटा भाऊ. दोर सांभाळणाऱ्यानं जागा सोडायची नाही, एवढा एकच नियम या धंद्यात चुकवून चालत नाही. मेहुण्याला फोन आला. त्यानं दोर पाइपला वेढे देऊन अडकवला आणि आवाज नीट ऐकू येईना म्हणून गच्चीच्या दुसऱ्या टोकाला गेला. वेढे सुटले. फळी एका अंगानं सटकन खाली गेली आणि काचवाला कमरेच्या पट्ट्यावर लोंबकळत राहिला. त्यानं मेहुण्याला हाका मारल्या. वरून ओ आली नाही. पुन्हा मारल्या. ओ नाहीच. शेवटी मेहुणा धावत आला, त्यानं माणसं बोलावून वर खेचून घेतलं, खरचटण्यापलीकडे काही झालं नाही, पण ती न आलेली ओ त्याच्या अंगात जी घुसली ती निघेना.

"दाजी, पाया पडतो, ताईला सांगू नका," मेहुणा रडत म्हणाला होता. काचवाल्यानं नाही सांगितलं. दोर जुना होता, घसरला, असं सगळ्यांना सांगून टाकलं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. पण मुठीत विंचू असेल तर ती किती दिवस झाकणार? घरातला बल्ब बदलायला तो स्टुलावर चढला आणि त्याचे पाय असे लटपटू लागले की बायकोनंच बल्ब लावला. "पाठ धरलीय," तो म्हणाला. तेव्हापासून कामावरही पाठच धरलेली होती. खाली बसून काचा कापायच्या, कडा घासायच्या. मेहुणाही खाली बसून पुटीन मळायचा. दोघं एकमेकांच्या डोळ्यांत बघत नसत.

मुकादम काही खुळा नव्हता. शुक्रवारी तो म्हणाला, "सोमवारी झुल्यावर बसायचं. वर दोराला तुझा मेहुणा. जमत नसेल तर आत्ताच सांग, मी दुसरी जोडी बघतो." काचवाला "जमेल" म्हणाला आणि त्या रात्री ताटावरून तसाच उठला.

दुसऱ्या दिवशी शनिवार. शनिवारी उजाडताना चर्चमागच्या मैदानावर पुरुषांचा व्यायाम असे. काचवाला आणि मेहुणा दोघंही जात. धावायचं, जोर काढायचे, घामाघूम झालं की गोल करून प्रार्थना करायची. पण खरी गंमत सुताराची होती. हा सुतार या मंडळींचा म्होरक्या. त्याचं म्हणणं असं, की कानांनी ऐकलेलं चर्चच्या पायऱ्या उतरेपर्यंत विसरतं, पाठीनं ऐकलेलं आठवडाभर दुखतं. म्हणून शुभवर्तमानातली गोष्ट अंगानं करायची. हरवलेल्या मेंढराची गोष्ट निघाली तेव्हा त्यानं प्रत्येकाला दुसऱ्याला खांद्यावर घेऊन मैदानाला फेरी मारायला लावली होती. बेकरीवाल्याच्या वाट्याला काचवाला आला होता आणि काचवाल्याच्या वाट्याला बेकरीवाला. मेंढरू कसलं, रेडाच होता तो.

त्या शनिवारी सुतारानं एक जुनं दार आणलं होतं. चार कोपऱ्यांना चार दोर बांधलेले. ते बघताच काचवाल्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"गोष्ट माहीत आहे सगळ्यांना," सुतार म्हणाला. "अंगावरून वारं गेलेला माणूस. त्याला खाटेवर घालून चौघं प्रभूकडे न्यायला निघाले. दारात ही गर्दी. मग ते छपरावर चढले, छप्पर उघडलं आणि खाट खाली सोडली. आपल्याला तेच करायचं आहे. पायऱ्यांवरून दार वर न्यायचं आणि मागच्या बाजूनं खाली सोडायचं."

मैदानाच्या कडेला खेळ बघायला बसायच्या सिमेंटच्या पायऱ्या होत्या. शेवटच्या पायरीमागे सरळ भिंत. दोन माणसं एकावर एक उभी राहतील एवढी उंच. पूर्वी काचवाला तिथून उडी मारायचा.

"झोपणार कोण?" बेकरीवाल्यानं विचारलं आणि स्वतःच उत्तर दिलं. "पाल! त्याला काय, दोर म्हणजे त्याचं माहेरच. आपल्यासारख्याला घातलं तर बोंबलत सुटेल."

सगळे हसले. प्रेमानंच हसले. ज्याला भीती नाही त्याला पुढे करायचं, यात वावगं काय? काचवाल्याला 'नाही' म्हणता आलं असतं. पण ताठा गेला तरी त्याची सवय मागे उरते. तो उसनं अवसान आणून दारावर आडवा झाला आणि दोन्ही हातांनी त्यानं कडा घट्ट धरल्या.

पायऱ्या चढताना त्याला फक्त आभाळ दिसत होतं, तेही हलणारं. बेकरीवाल्याची धाप कानाशी, सुताराचं "सावकाश, सावकाश" पायाशी. मनात तो प्रार्थना म्हणायला लागला आणि अर्ध्यात शब्दच आठवेनात. लहानपणापासून पाठ असलेली प्रार्थना! वर पोचल्यावर सुतारानं दोर वाटले. एक स्वतःला, एक बेकरीवाल्याला, एक बसवर कंडक्टर असलेल्या गड्याला. चौथा त्यानं मागे उभ्या असलेल्या मेहुण्यापुढे धरला. "घे, तुझं तर रोजचं काम."

मेहुण्यानं हात मागे घेतले. "मी नाही धरणार. दुसऱ्या कुणाला द्या."

"अरे, धर की!"

"नाही म्हणतो ना!" तो ओरडलाच. मग त्याचा आवाज फुटला. "त्या दिवशी दोर जुना नव्हता. मी दोरापाशी नव्हतो. फोनवर बोलत होतो. दाजी हाका मारत होते आणि मला ऐकूसुद्धा आलं नाही. तेव्हापासून दोर हातात घेतला की माझे हात कापतात."

मग बेकरीवाल्यानं मुकाट्यानं चौथ्या दोराला हात घातला. "आण इकडे. मी दोन धरतो."

काचवाला दारावर उताणा पडून मेहुण्याकडे बघत होता. कितीतरी दिवसांनी नीट बघत होता. पोरगा वाळला होता, डोळे खोल गेले होते. इतके दिवस काचवाल्याला वाटत होतं की सगळी भीती आपल्याच वाट्याला आली आहे.

"त्यालाच धरू दे," तो म्हणाला.

"वेडा झालास?" कंडक्टर म्हणाला.

"सोमवारी वर तोच असणार आहे. तिथं काय तू येणार आहेस?" मग तो सुताराकडे वळला. त्याचे ओठ थरथरत होते आणि ते लपवायचं त्यानं सोडून दिलं. "मला भीती वाटते. या माणसांपुढे सांगतो, फार भीती वाटते. त्या गोष्टीत खाटेवरचा माणूस अवाक्षर बोलत नाही. सगळे म्हणतात, केवढी त्या चौघांची श्रद्धा. मला वाटतं, बिचाऱ्याची दातखीळ बसली असणार."

सुतार हसला नाही. त्यानं चौथा दोर मेहुण्याच्या हातात दिला आणि त्याच्या मुठीवर क्षणभर आपला हात ठेवला.

दार भिंतीच्या कडेवरून पुढे सरकलं. खाली काही नाही, हे पाठीला आधी कळलं. एक बाजू कचकन झुकली. डोळे मिटून तो जिवाच्या आकांतानं ओरडला, "आहेस का रे?"

"ओ, दाजी! आहे!"

दार सावरलं. हातभर खाली आलं.

"आहेस?"

"आहे!"

लहान पोर अंधारात आईला विचारत राहावं तसा तो विचारत राहिला. त्याला लाज वाटत होती, पण विचारणं थांबवायची हिंमत नव्हती. दर वेळी ओ आली. एकदाही उशिरा आली नाही. मग कानाशी गवत लागलं, ओलं आणि गार. तो तसाच पडून राहिला. छाती धडधडतच होती. सोमवारीही ती अशीच धडधडणार, हे त्याला ठाऊक होतं.

"सोमवारी पण अशीच ओ द्यायची!" तो खालून म्हणाला. आवाज चिरका निघाला.

तिघांचे दोर सैल पडले. चौथा ताठच होता. दाराचा तेवढा कोपरा जमिनीवरून जरासा उचललेला.

"अरे सोड आता, टेकलं दार," सुतार म्हणाला.

मेहुण्यानं सोडला नाही. आता कुणी विचारत नव्हतं, तरी वरून त्याचा रडका आवाज येतच होता, "आहे, दाजी. आहे."