दाढेची तराई

हसायचं असन तर आत्ताच हसून घ्या, मधात हसाल तर मी पुढचं सांगणार नाही. गोष्ट माझ्या एका दाढेची आहे. अन् त्या दाढेपायी घराची कशी वाट लागली, त्याची!

तेव्हा आमच्या नंदनवनच्या घरावर वरचा माळा चढून राहिला होता. मिस्टर ड्युटीवर, म्हणून सगळी देखरेख माझ्याकडे. स्लॅब नुकताच टाकलेला. शालिक मिस्त्री दिवसभर त्याच्यावर पाईपनं पाणी मारे. "वयनी, सिमेंटले तराई पाहिजे. जेवढं पाणी पिन, तेवढं पक्कं होईन." ऐकून ऐकून मले ते पाठ झालं होतं.

अन् नेमकी तेव्हाच दाढ किडली. धरमपेठेत डॉक्टरीणबाईकडे गेली. ते घर्रर्र मशीन तोंडात गेलं अन् माझा जीव अर्धा झाला, खरं सांगते! ठरवूनच टाकलं, हे मशीन आता जन्मात पुन्हा नाही.

"खड्ड्यात काय भरता, मॅडम?"

"दाताच्या रंगाचं सिमेंट."

सिमेंट! मी खुर्चीत उठूनच बसली.

"कोणतं? रेती किती टाकता? टिकते किती वर्षं?"

"रेती नसते, ताई," ती हसली. "मागच्या दाढेवर चावायचा सगळा भार येतो, म्हणून तिथं ते लवकर झिजतं. पण तुमचा खड्डा लहान आहे. जपलं तर बरीच वर्षं जाईल."

जपलं तर! सिमेंट कसं जपायचं, हे मले कोणी शिकवायची गरज होती का? सांगा बरं! गालात कापूस कोंबून तिनं दाढ भरली, वरून व्हॅसलिनसारखं काहीतरी लावलं, काही सूचनाही देऊन राहिली होती. मी कुठं ऐकते? माझ्या डोक्यात तराई सुरू झाली होती.

घरी आली, पहिले तो चिकटा बोटानं पुसून काढला. वर चिकटा असला तर पाणी मुरन कसं? मग तोंडात घोटभर पाणी घेतलं अन् गाल फुगवून बसली. एक थुंकला का दुसरा घोट. शेजारच्या काकू आल्या. "काहून वं, रुसली का कोणावर?" मी नुसती मान हलवली. संध्याकाळपर्यंत अख्ख्या गल्लीत माझी वाचा गेली होती!

दोन दिवस अशी तराई केल्यावर म्हटलं, पाहू आता पक्कं झालं का. फुटाणा टाकला दाढेखाली. कट्ट! फुटाणा शाबूत, सिमेंटचा तुकडा हातात.

डॉक्टरीणबाईनं कपाळाला हात लावला. "ताई, हे सिमेंट सुरुवातीला पाण्यानंच खराब होतं! तासभर पाणी लागू देऊ नका म्हटलं होतं ना? ऐकलं नाही का?"

"कापूस होता नं."

"कापूस तोंडात होता, कानात नव्हता!"

पुन्हा तेच घर्रर्र, पुन्हा सिमेंट. या वेळी मी अशी घाबरली का विचारू नका. धरमपेठेतून घरापर्यंत तोंड गच्च मिटून आली. मनात एकच जप, पाणी नको, पाणी नको.

फाटकात पाय ठेवला तर वरून शालिक मिस्त्रीनं पाईप धरूनच आवाज दिला, "वयनी, काय म्हणे डॉक्टरीणबाई?"

मी दात न उघडता ओरडली, "पाणी बंद! सिमेंटले थेंब लागू द्यायचा नाही!"

"बरं, वयनी." त्यानं नळ बंद केला. मले वाटलं, समजलं त्याले.

दाढ या खेपेले झाली पक्की! चार दिवस मी त्या आनंदातच होती. मग कपडे वाळत घालायले गच्चीवर गेली, तर स्लॅब ठणठणीत कोरडा. अन् मधातून ही लांब भेग!

"शालिकभाऊ! पाणी काहून नाही मारलं गा?"

"तुम्हीच तं म्हणलं! मले वाटलं, एवढी शिकलेली बाई, तिले नव्या सिमेंटचं जास्त मालूम असन."

ओले कपडे तसेच खांद्यावर टाकून मी भेगेपाशी वाकली.

शालिक मिस्त्रीनं खाली बसून भेगेवरून बोट फिरवलं. मग माझ्याकडे पाहून म्हणे, "वयनी, एक काम करा. धरमपेठेत जाऊन विचारून या, एवढ्या मोठ्या दाढेत काय भरते ते."