सरळ जाणारी नाव

रोइंगमध्ये वल्हवणाऱ्याची पाठ जायच्या दिशेला असते. हे ऐकून माझ्या वर्गातल्या मुली हसायच्या. 'कुठं चाललो तेच दिसत नाही, आणि मेडल आणणार म्हणे.' मला त्यात नवल वाटलं नाही. आमच्याकडे धानाचा रोवणा, म्हणजे भाताची लावणी, अशीच होते. बायका बांधीतल्या चिखलात ओळीनं वाकतात आणि रोपं लावत मागे मागे सरकतात. लावून झालेलं तेवढं डोळ्यांसमोर असतं. रोइंगच्या सरांनी आम्हाला पहिल्यांदा तलावात नेलं तेव्हा बाकीच्या पोरी माना वळवून मागे बघत होत्या, आणि आम्ही दोघी निवांत बसलो होतो.

आम्ही दोघी म्हणजे मी आणि माझी खोलीतली मैत्रीण. मी गोंदिया जिल्ह्यातल्या गोरेगावकडची, ती दवनीवाड्याची. दोघींच्याही घरी धानाची शेती. गोंदियाला कॉलेजात आलो तेव्हापासून एकाच खोलीत राहत होतो. मी बी.एस्सी.ला होते आणि मला पुढे नागपूरला एम.एस्सी. करायची होती. ती बी.ए.ला होती आणि तिला पोलीस व्हायचं होतं. विद्यापीठाच्या संघात निवड झाली आणि पुढच्या स्पर्धेत काही हाती लागलं, तर भरतीत खेळाडूंच्या राखीव जागेवर तिला अर्ज करता येणार होता. आमचं तिसरं वर्ष चालू होतं, म्हणजे ही शेवटची संधी. माझी ती हौस होती, तिचा पोटापाण्याचा प्रश्न होता. दोघींच्या नावेत एकीनं सोडलं की दुसरी आपोआप काठावर येते. म्हणून मी सोडत नव्हते.

पण जमत नव्हतं, हेही खरं. सकाळी तलाव, तिथून एसटी, एसटीतून उतरून धावतपळत केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल. वेणी ओली, तळहाताला फोड, आणि त्या हातानं ब्युरेटचा नळ थेंबाथेंबानं सोडायचा. मॅडम म्हणायच्या, "पुन्हा जास्त सोडलंस?" जेवताना पुस्तक, एसटीत पुस्तक. वर्गातल्या मैत्रिणी नागऱ्याच्या देवळात जाऊन आल्या, ते मला फोनवरच्या फोटोंवरून कळलं. मला बोलावलंच नव्हतं. विचारलं तर एक जण म्हणाली, "तू कहाँ आने वाली थी?" तिचं चुकीचं नव्हतं, म्हणूनच जास्त लागलं. त्या दिवसांत माझ्या नाकाच्या शेंड्यावर राग असायचा. भांडी आपटायचे, पंखा का बंद केला म्हणून भांडायचे. माझी खोलीतली मैत्रीण ऐकून घ्यायची आणि माझ्या वाटणीचे कपडेही धुऊन टाकायची. मला वाटायचं, हिला काय जातंय, हिला फक्त वल्हवायचं आहे.

नावेत मी पुढे ताल धरायला आणि ती माझ्या पाठीमागे. दोघींना एकेक वल्हं, माझं एका बाजूला, तिचं दुसऱ्या. अशा नावेत लपवाछपवी चालत नाही, असं सर सांगायचे. एकीचा जोर कमी पडला की नाव तिच्या बाजूला वळते. आमची नाव कधी वळली नाही. सुतासारखी सरळ जायची, आणि त्याचा मला फार अभिमान होता.

फक्त तेवढंच अंतर कापायला लागणारा वेळ वाढत चालला होता. सरांनी नावेचा तळ तपासला, शेवाळ घासायला लावलं, वाऱ्याला दोष देऊन झाला. निवड जवळ आली तसं एका सकाळी ते म्हणाले, "चलो, अदला-बदली करके देखते हैं." पहिल्या वर्षाची एक दणकट पोरगी होती. तिला त्यांनी माझ्या मैत्रिणीच्या जागी, माझ्यामागे बसवलं.

आम्ही निघालो आणि नाव वळायला लागली. माझ्या बाजूला. मी त्या पोरीला म्हणाले, "हळू मार ना वं." ती बिचारी घाबरून म्हणाली, "रोजच्यावानीच मारून राहिली, ताई." आम्ही पुन्हा सरळ केली, पुन्हा वळली. पुढे शिंगाड्याची वेल पसरलेली होती, तिच्यात जाऊन अडकलो. वल्ह्याला गुंडाळलेली वेल सोडवता सोडवता मला सगळं समजलं.

आमच्या रोवण्यात एक रीत आहे. ओळीतली एखादी बाई दमली, मागे पडली, की शेजारची बाई बोलत नाही. हात लांबवून तिच्या वाटणीची चार रोपं लावून टाकते. ओळ सरळ राहिली पाहिजे. जिला मदत झाली तिलाही ते बोलून दाखवायचं नसतं. माझ्या मैत्रिणीनं नावेत तेच केलं होतं. पण शेतात दुसऱ्याचं काम आपल्याला करता येतं. नावेत दुसऱ्याचं वल्हं मारता येत नाही. ओळ सरळ ठेवायची तर आपलंच वल्हं हलकं मारावं लागतं. ती ते मारत राहिली होती, जिथं तिची नोकरी पणाला लागली होती तिथं.

काठावर आल्या आल्या मी तिला बाजूला घेतलं.

"काऊन हलकं मारून राहिली होतीस?"

ती म्हणाली, "तुयी परीक्षा होती नं वं. तू थकून राहिली होती."

"मंग सांगायचं होतं मले."

"सांगतलं असतं तं तू सोडून देली असती."

"अन् तुया नंबर नसता लागला तं?"

"लागला असता," ती म्हणाली, पण खाली बघत म्हणाली.

मला तिला मिठी मारावीशी वाटली नाही. रागच आला. माझी कीव करून मला अंधारात ठेवलं, आणि वर मी तिच्यावर उपकार करतेय अशा तोऱ्यात वावरत होते. तिनं मला तसं वावरू दिलं. मी तिच्याशी न बोलता सरांकडे गेले आणि म्हणाले, "तिला आणि त्या नव्या पोरीला बसवून बघा."

त्यांना बसवलं. मी चपला घालून काठावर उभी राहिले. इतकी वर्षं ती माझ्या पाठीमागे बसली होती, त्यामुळे तिला वल्हवताना मी कधी धड पाहिलंच नव्हतं. ती पायांनी रेटून पूर्ण मागे झुकत होती, आणि नाव सरळच जात होती, पण आमच्यासारखी नाही. पाणी कापत जात होती. सरांनी घड्याळ दोनदा बघितलं. तिचा चेहरा मला दिसत होता. ती खूश होती. मला आनंद झाला आणि रडूही आलं, आणि दोन्हींतलं जास्त काय होतं ते मी आजही सांगू शकणार नाही.

त्या दोघींची निवड झाली. मी पुस्तकांकडे वळले. वर्गातल्या मैत्रिणी पुन्हा चहाला बोलावू लागल्या, मार्कही बरे पडले. मला नागपूरला प्रवेश मिळाला, ती भरतीच्या तयारीला लागली. खोली सोडायच्या दिवशी आम्ही गाद्या गुंडाळून ठेवल्या, शेवटचा चहा केला आणि जमिनीवर बसलो. माझा राग तोवर उतरला होता. सहज थट्टेत मी विचारलं, "अजून कुठंकुठं हलकं मारलंस वं माह्यासाठी?"

ती हसेल असं मला वाटलं होतं. तिनं कप खाली ठेवला आणि आठवायला लागली.