आमेनच्या आधी बकरी

आमच्या घरात दोनच कायदे होते. एक, खोटं बोलायचं नाही. दोन, प्रार्थनेत डोळे उघडायचे नाहीत. या दोन्हींचं कधी आपसात वाकडं येईल असं कोणालाच वाटलं नव्हतं.

बाबा दिग्रस डेपोत एसटीचे ड्रायव्हर होते. गाडी सुरू करण्याआधी स्टेअरिंगवर हात ठेवून डोळे मिटायचे, की मागून आवाज यायचा, "ओ ड्रायव्हर साहेब, पुसद आजच गाठायचं हाये!" कंडक्टर बेल मारायचा, म्हणून गाडीतली प्रार्थना आटोपशीर असायची. घरी बेल मारणारं कोणी नव्हतं. जेवणाआधीच्या प्रार्थनेत बाबा एकही थांबा सोडायचे नाहीत. चर्चच्या मंडळीतले आजारी, कापूसवाले, डेपो मॅनेजर, शेजारच्या मावशीचा दमा, मावशीची बकरी गाभण असली तर बकरीसुद्धा. तोवर वरण थंडगार. लहानपणी एकदा मी डोळे किलकिले केले, तर आईने डोळे मिटल्या मिटल्या बरोबर दंडाला चिमटा घेतला. डोळे मिटून इतका बरोबर नेम कसा लागला, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही.

मी तिशीला टेकले तरी घरातच होते. शाळेत शिकवत होते, तोंडाची फटकळ होते, आणि तीन स्थळं आली तशी गेली होती. एकाने विचारलं, "स्वयंपाक येते काय?" मी म्हटलं, "येते. तुम्हाले येते काय?" झालं! आमची ख्रिस्ती घरं बोटांवर मोजण्याइतकी, त्यामुळे दिग्रसला उडालेला खटका यवतमाळच्या मंडळीत एसटीच्या आधी पोचतो. आई कपाळाला हात लावून म्हणायची, "तुह्या तोंडाले कुलूप कोण्या दुकानात भेटते वं?"

चौथं स्थळ वणीचं होतं. आणि खरं सांगते, हे मला हवं होतं. त्यांचा, म्हणजे मुलाचा, दोनदा फोन आला होता. म्हणाले, "तुमच्या तोंडाबद्दल तीन ठिकाणांहून ऐकलं. आता मलेच ऐकायचं हाये." फोन ठेवल्यावर मी उगाच दोनदा केस विंचरले. पण त्यांच्या आई दवाखान्यातून रिटायर झालेल्या सिस्टर, कडक. मध्यस्थाने बजावून सांगितलं होतं, की त्यांना शिक्षण नको, सोनं नको, पोरीचा देवावरचा विश्वास आणि चारित्र्य तेवढं पाहायचं आहे.

"आज डोळे बंद, तोंड बंद," आईने सकाळीच दम भरला. "जेवण होईपर्यंत तू मुकी हायेस, समजलं?"

मायलेक दुपारी आले. पुढच्या खोलीत सतरंजी, ताटं मांडलेली, गावरान कोंबड्याचा रस्सा, काकडी, कांदा, आणि आईच्या हातच्या पोळ्यांची चळत. सासूबाईंचे, म्हणजे होऊ घातलेल्या सासूबाईंचे, गुडघे दुखत, म्हणून त्यांना खुर्ची दिली. मोहरी रंगाची नवी साडी, पदर जमिनीपर्यंत लोळत होता. उकाड्यामुळे दार सताड उघडं. बाबा दाराकडे तोंड करून बसले, हात जोडले आणि म्हणाले, "चला, प्रार्थना करू."

आजारी झाले. कापूसवाले झाले. डेपो मॅनेजर चालू होता तेवढ्यात फरशीवर टक टक टक आवाज आला. मी डावा डोळा जरासा उघडला. मावशीची काळी बकरी! बाबा रोज तिला पोळीचा तुकडा द्यायचे, त्यामुळे घर तिला माहेरासारखं. तिने आधी काकडी संपवली. मग पोळ्यांवरचा रुमाल तोंडाने बाजूला केला.

मी आईकडे पाहिलं. डोळे मिटलेले, पण पापणी फडफडत होती. मग वणीच्या त्यांच्याकडे पाहिलं. मान खाली, खांदे गदगदा हलत होते. मला वाटलं, बापा, किती भाविक माणूस हाये!

"हे प्रभू," बाबांचा आवाज चढला, "या घरात जे बिनबोलावता शिरलं असंल, त्याले आल्या वाटेनं बाहेर ने." मला वाटलं, सैतान. "ज्याचं पोट भरलं त्याले समाधान दे. लवकर दे, प्रभू." आणि मग परत डेपो मॅनेजर! एका प्रार्थनेत डेपो मॅनेजर दोनदा कधीच येत नसे.

आता सांगा, मी काय करायचं? ओरडले तर डोळे उघडे होते हे जगजाहीर. वणी गेली. नाही ओरडले तर पोळ्या गेल्या. मी म्हटलं, जाऊ द्या पोळ्या. एक, दोन, पाच, सात. आयुष्यात मी इतकी गप्प कधी बसले नव्हते.

मग बकरीने सासूबाईंचा पदर धरला.

त्या हलल्या नाहीत. मोहरी रंगाचा पदर इंचाइंचाने तोंडात चालला होता आणि ती बाई हात जोडून, मान वर करून तशीच. मला एकदम माझीच लाज वाटली. जिला उद्या आई म्हणायचं, तिचा पदर डोळ्यांदेखत चघळू द्यायचा आणि वरून भाविक पोरगी म्हणून मिरवायचं? चुलीत गेलं असलं चारित्र्य!

"हट! हट मेले!" मी अशी ओरडले की मावशीच्या घरात भांडं पडलं. हातात आला तो पाण्याचा पेला फेकला. बकरीला लागला नाही. बाबांना लागला. ते नखशिखांत भिजले, प्रार्थना अर्ध्यावर तुटली, आणि बकरी पदराचा चतकोर घेऊन पसार झाली.

सासूबाईंनी पदराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "पोरी, प्रार्थनेत तुहे डोळे उघडे होते?"

आई मागून खुणा करत होती. सोपं होतं हो. आवाज आला म्हणून आत्ताच उघडले, एवढंच म्हणायचं होतं. ते वाक्य ओठांपर्यंत आलंही होतं. समोर ते बसले होते, आणि मला ते हवे होते.

"हव," मी म्हटलं. "पहिल्या काकडीपासून."

सासूबाई पदराचं फाटकं टोक मांडीवर घेत म्हणाल्या, "मी तिले उंबरठ्यापासून पाहून राह्यली होती. म्हटलं, परक्या घरी पहिल्याच दिवशी कसं सांगावं? साडी गेली त गेली."

तिथे तो भाविक माणूस फुटला. सतरंजीवर लोळून हसायला लागला. आणि आई रडवेल्या आवाजात म्हणाली, "माह्या सोळातल्या सात पोळ्या गेल्या हो!" म्हणजे तिनेही मोजल्या होत्या. लहानपणीच्या चिमट्याचं गूढ मला त्या क्षणी उलगडलं.

बाबा तेवढे ओलेचिंब, खाली मान घालून बसले होते. हळूच "आमेन" म्हणाले आणि ताट पुढे ओढलं. आम्ही सगळे ओशाळलो. घरात खरा विश्वासाचा माणूस एकच, आणि आम्ही त्याच्या अंगावर पाणी ओतलं. मावशीने दंड म्हणून भाकरी आणून दिल्या, त्या रस्स्यात कुस्करून आम्ही मुकाट जेवलो. लग्न त्याच संध्याकाळी ठरलं.

पण त्या दिवसापासून बाबांची प्रार्थना आखूड झाली. "प्रभू, अन्न दिलं, उपकार. आमेन." बस्स. इतकी वर्षं मला ते डाचत राहिलं. मी एका माणसाची प्रार्थना मोडली होती.

गेल्या नाताळाला आई-बाबा आमच्याकडे वणीला आले. सासूबाईंनी मुद्दाम ती मोहरी साडी नेसली होती, पदराला भलत्याच रंगाचं ठिगळ. बाबांनी दोन ओळींत प्रार्थना उरकली, आणि मला राहवलं नाही. "बाबा, माह्यावर राग हाये ना अजून? त्या दिवसापासून तुमची प्रार्थना काहून इतकी लहान झाली?"

बाबा ताटाकडे पाहत म्हणाले, "पोरी, ड्रायव्हरचा एक डोळा आरशात असतेच. दाराकडे तोंड माह्यं होतं. सगळ्यात आधी बकरी मीच पाह्यली."

"मग थांबले काहून नाही?"

"थांबलो असतो त डोळे उघडे होते हे सांगावं लागलं असतं. पाहुण्यांसमोर, तुह्या आईसमोर, तुह्यासमोर. म्हणून देवालेच म्हणून राह्यलो होतो, का तिले ने बा. डेपो मॅनेजर दोनदा घेतला." कोणी हसलं नाही. "त्या दिवशी तू खरं बोलली. मी नुसती प्रार्थना केली. तवापासून लंबी करायची हिंमत होत नाही."

माझ्या तोंडाला कुलूप लागलेलं आईने पहिल्यांदा पाहिलं. मी डोळे पुसले, बाबांच्या ताटातली पोळी झाकली आणि म्हटलं, "बाबा, आज लंबी करा. अन् डोळे उघडे ठेवून करा."

बाबांनी हात जोडले. एकेकाच्या तोंडाकडे पाहत, एकही थांबा न सोडता त्यांनी प्रार्थना केली. मंडळीतले आजारी आले, मावशीचा दमा आला, सासूबाईंचे गुडघे आले, ती बकरीही आली. आम्ही सगळे टकाटका त्यांच्याकडे पाहत होतो. रस्सा थंड झाला, आणि कोणी कोणाला चिमटा घेतला नाही.